उंबरनाळेची अर्धी वाट

आमच्या पायरवाडीच्या मागे सह्याद्रीचा कडा उभा आहे, आणि कड्याच्या अगदी काठावर, उंबरदऱ्यात, माझी धाकटी बहीण वेणू राहते. बहीण कुठं दिली असं कोणी विचारलं तर मी नुसती हनुवटी वर करून दाखवते. पण तिच्याकडे एसटीने जायचं म्हटलं तर टोकावडे, माळशेज घाट, गणेशखिंड, जुन्नर आणि तिथून पुन्हा उलटं पश्चिमेला, असा अख्खा दिवस मोडतो. डोक्यावर राहणाऱ्या माणसाकडे जायला जिल्हा बदलावा लागतो, हे मला अजून पटलेलं नाही.

आम्ही महादेव कोळी. आमच्या सोयरिकी वर-खाली दोन्हीकडे होतात आणि पूर्वी त्या सगळ्या पायांवर चालायच्या. कड्याला जिथं चीर पडलेली असते तिथून वाट चढते, तिला आम्ही नाळ म्हणतो. आमची ती उंबरनाळ. बरोबर मध्यावर एक सपाट टप्पा आहे, चार माणसं भाकरी खायला बसतील एवढा. वेणूचं लग्न झालं तेव्हा तिची सासू भलती खट होती. माहेरी पाठवणार नाही म्हणाली, आणि माहेरचं माणूस दारात आलं की पाहुणचार करावा लागतो, तोही नको म्हणाली. शेवटी माझ्या आईने आणि तिने मिळून ठरवलं की बहिणी बहिणींनी नाळेतच भेटावं. खालचीने अर्धी वाट चढायची, वरचीने अर्धी उतरायची. कोणी कोणाची पाहुणी नाही.

दिवसही ठरलेला, संक्रांतीनंतरची कर. त्या दिवशी शेतात कोणी काम करत नाही, त्यामुळे सासूला नाही म्हणता यायचं नाही. मी तांदूळ आणि सुकट घेऊन चढायची, वेणू बाजरी आणि ओला हरभरा घेऊन उतरायची. वाटेला लागताना कुकारा द्यायचा, लांब, डोंगरातले लोक देतात तसा. त्याचा अर्थ, निघाले, टप्प्यावर थांब. आणि कुकारा ज्याच्या कानावर पडला त्याने थांबलंच पाहिजे, कितीही वेळ लागो. असं आम्ही एकतीस वर्षं भेटलो. सासू गेली तरी अर्ध्याचा नेम आम्ही मोडला नाही. टप्प्यावर वेणू मला तिच्या घरच्या गोष्टी सांगायची. कौलारू घर, दोन म्हशी, दीर-जावा, भरलेली कणगी. मी ऐकून सुखावत असे.

मग पाच वर्षांपूर्वीच्या करीला मी घोळ केला. त्या दिवशी टप्प्यावर पोचून मी तासभर बसले, वरून कुकारा येईना. मी अंगणवाडीत तीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई, तरी मला धीर कसला तो नाही. हिला काही झालं तर नाही ना, असं मनात आलं आणि मी उठून तिच्या वाटणीची अर्धी वाट चढून गेले. उंबरदऱ्यात विचारत विचारत तिच्या घरी पोचले, तर ते घर नव्हतंच. गोठा होता. नवरा चाकणकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला होता आणि दिरांनी वाटण्या करून हिच्या पदरात गोठा टाकला होता. म्हशी दुसऱ्याच्या. आणि माझी वेणू हातात सूप घेऊन शेजारणीच्या दारात उभी होती, माझ्या गाठोड्यात बांधायला बाजरी मागत होती.

मी तिला पोटाशी धरायला हवं होतं. त्याऐवजी मी चारचौघींत म्हणाले, "वेणे, इतकी वर्षं खोटं बोललीस माझ्याशी?"

तिने सूप खाली ठेवलं. "पमे, अर्ध्यावर थांबायचं ठरलंय ना? तुला कोनी बोलावली व्हती?"

तिने मला कोरा चहा दिला आणि माझ्यासमोर बसली नाही. मी चहा प्यायले, तांदळाचं गाठोडं तिच्या उंबऱ्यात ठेवलं आणि उतरून आले. त्याच श्रावणात आठ दिवस झड लागली आणि एका पहाटे डोंगर गरजला. सकाळी बघितलं तर नाळेतून दगडमातीचा लोट आमच्या वरच्या शेतांपर्यंत आला होता. वाडीत सगळे म्हणाले, उंबरनाळ पडली. मीही म्हणाले, पडली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आता मी गेले नाही यात माझा दोष नव्हता, डोंगराचा होता.

फोन आहेत की, असं कोणीही म्हणेल. आहेत. वेणूचा नंबर माझ्याकडे आहे आणि तो मी काढून कितीदा बघितला आहे त्याला सुमार नाही. पण पहिला शब्द कोणी बोलायचा? मी मोठी, म्हणून तिने. तिच्या मनात असेल, चूक पमीची, म्हणून पमीने. आणि मी तोंडाची फटकळ, बोलायला जाऊन आणखी काही बोलून बसले तर काय घ्या, ही भीतीही होतीच. या सगळ्यात पाच वर्षं गेली. दर करीला मी कड्याकडे पाठ करून अंगणात पापड वाळत घालत बसायची आणि दिवसभर कोणावर तरी डाफरायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सुरेंद्र आला. किन्हवलीचा मुलगा, मुंबईला डोंगरांचा अभ्यास करतो. दर हिवाळ्यात दीड-दोन महिने आमच्या पडवीच्या खोलीत राहतो. बांधावर तिवई रोवून त्यावर एक पिवळं यंत्र बसवतो आणि दिवसभर त्याच्या दुर्बिणीतून कडा मोजतो. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, "डोंगर कुठं पलून जातो काय रे, म्हनून मोजतोस?"

"जातोच आहे मावशी," तो म्हणाला. "हा कडा आधी इथं नव्हता."

"मंग काय एसटीनं आला?"

तो हसला, पण त्याने समजावून सांगितलं. त्याला समजावून सांगायची हौस आहे आणि मला मध्येमध्ये टोकायची, त्यामुळे आमचं जमलं. तो म्हणाला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. कड्यावर आडव्या रेघा दिसतात ते हेच थर. मग पश्चिमेकडची जमीन तुटली आणि समुद्राखाली गेली. कड्याची धार तेव्हा पार मुंबईच्या अंगाला होती. तेव्हापासून पाऊस तिला खातो आहे आणि ती पूर्वेला मागे मागे जाते आहे.

"आटगावच्या फलाटावरनं माहुलीचे सुळके दिसतात ना," तो म्हणाला, "मी लहानपणापासून ते बघत आलोय. ते या डोंगराचेच. इकडचे गोरखगड, मच्छिंद्रगड, तेही. डोंगर मागं निघून गेला, हे तेवढे इथंच राहिले."

"किती जातो मागं?"

"सरासरी काढली तर वर्षाला नखाच्या जाडीएवढा. पण रोज थोडाथोडा असं नाही. शंभर शंभर वर्षं काही होत नाही आणि एका पावसात केवढा तरी तुकडा जातो."

वेणू वर्षाला नखाएवढी लांब जाते आहे असं माझ्या मनात आलं आणि नको तेवढं आत लागलं. तो आपल्याच नादात पुढे सांगत होता. डोंगर झिजतो तसा हलका होतो, आणि हलका झाला की खालची जमीन त्याला वर उचलते. म्हणजे एकीकडून झिजतो आणि एकीकडून उठतो. यावर अभ्यासकांचे वाद आहेत म्हणाला, पण त्याला स्वतःला हे पटतं.

"पोती उतरली का टेंपो वर येतो तसा," मी म्हणाले.

"अगदी तसा!" त्याने ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

माझं ओझं काही उतरत नव्हतं. कोणाकडे गेलं की उतरेल ते ठाऊक होतं, त्या बाईचं घर माझ्या डोक्यावर होतं, आणि मी या पोराला डाळभात वाढत होते. बहिणीबद्दल मी त्याला एक अक्षर सांगितलं नाही. आपली लाज कशाला दुसऱ्याच्या वहीत जायला हवी?

यंदाच्या करीला सकाळी तो म्हणाला, "मावशी, आज तुमचे पापड राहू द्या. यंत्रावर ऊन येतंय, जरा छत्री धराल का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्याने छत्री हातात दिलीच. मी बांधावर जाऊन उभी राहिले. कड्याकडे न बघता छत्री धरायची असं ठरवलं आणि माझ्या पायांकडे बघत राहिले.

तो दुर्बिणीला डोळा लावून आकडे पुटपुटत होता. मधल्या टप्प्यामागे एक भेग आहे, असं त्याने मला आधी सांगितलं होतं. गेल्या एप्रिलमध्ये वरून दोरावर उतरलेल्या मुलांनी तिच्या दोन्ही बाजूंना चमकत्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, म्हणजे भेग किती उघडते ते खालून मोजता येतं. आज तो एकदम थांबला.

"दोन बोटं उघडली," तो म्हणाला. "पावसाळ्यात एवढी उघडली? टप्पा सुटत आलाय मावशी. उद्या जाईल का दहा वर्षांनी, सांगता येत नाही, पण जाणार." मग तो जरा चरफडला. "आणि या बाई आज पण तिथंच बसल्यात."

"कोन बाई?"

"असते एक. गेल्या वर्षी याच सुमाराला होती. तिच्यासकट फोटो काढला मी. माणूस शेजारी असला की खडक केवढा ते कळतं." त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. काळ्या कड्यावर बोटाच्या पेराएवढी एक बाई. खाली तारीख होती. पंधरा जानेवारी.

मी छत्री टाकली, त्याला बाजूला सारलं आणि दुर्बिणीला डोळा लावला.

वेणू होती. केस निम्मे पांढरे झालेले, पण बसणं तेच, एक गुडघा वर घेऊन त्यावर हनुवटी. शेजारी गाठोडं. ती खाली बघत होती, आमच्या वाडीकडे, म्हणजे सरळ माझ्याकडेच. तिला काय दिसणार होतं? टप्प्याखाली सगळी नाळ उघडी पडली होती, लालसर ओरखडा आणि मोठाले दगड. टप्प्याच्या वर मात्र करवंदीच्या जाळ्यांतून वाट जशीच्या तशी जात होती.

तेव्हा मला कळलं. उंबरनाळ पडलीच नव्हती. पडली होती ती माझी अर्धी. तिची अर्धी शाबूत होती आणि ती दर करीला तेवढी उतरून येत होती. गाठोडं बांधून, कुकारा न देता. मला पायच ठेवता येणार नाही हे दिसत असूनही ती येऊन बसत होती, आणि मी पाच वर्षं वर मान करून बघितलं नव्हतं. एकदा जरी बघितलं असतं!

दुर्बिणीत ती उठली. पदर खोचला, गाठोडं उचललं आणि वाटेकडे वळली.

मी विचार केला नाही. विचार करून कधी कोणी कुकारा देतं का? मी बांधावर पाय रोवले, तोंडाभोवती हात धरले आणि पोटातला सगळा दम काढून कुकारा दिला. पाच वर्षांनी. आवाज फाटला, पण कडा तिथं आत वळलेला आहे, त्याने तो उचलला आणि वर नेला. मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. वेणू जागच्या जागी थांबली होती. मग ती फिरली, गाठोडं खाली ठेवलं आणि बसली. थोड्या वेळाने वरून बारीक आवाज आला. तिने ओ दिली होती.

मी रडत होते आणि हसतही होते. "ऐकलान! बसली बघ, माझी बहीन हाय ती!"

सुरेंद्र हसत नव्हता. "मावशी, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"निघाले, थांब, असं."

"कुठं थांब?"

तो काय विचारतो आहे हे माझ्या डोक्यात शिरायला एक क्षण लागला. ती उठली होती. आपल्या पायांनी त्या सुटत आलेल्या दगडावरून निघाली होती. आणि मी तिला पुन्हा त्यावर बसवलं होतं. आता मी जाईपर्यंत ती हलणार नव्हती. नेम तिने कधीच मोडला नव्हता, मोडला होता तो मी.

मी ओरडले, जा, वर जा, वेणे, ऊठ. शब्द वर जात नाहीत, नुसता आवाज जातो. माझा प्रत्येक ओरडा तिला, येतेय, येतेय, असाच ऐकू येत असणार. मी तोंड बंद केलं. फोन लावला, तर फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नाळेत रेंज नसते. उंबरदऱ्यातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता आणि सुरेंद्रची दोरवाली मुलंही उंबरदऱ्याची नव्हती. पाच वर्षं रुसून बसलेल्या बाईकडे कोणाचे नंबर असणार?

सुरेंद्रने यंत्र उघड्यावर तसंच टाकलं आणि जीपची किल्ली काढली. त्यापुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. टोकावडे गेलं, माळशेजचा बोगदा गेला, मढ गेलं. घाटात पर्यटकांच्या गाड्या आडव्या लावून पोरं फोटो काढत होती, त्यांना मी खिडकीतून ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. जुन्नर ओलांडून आम्ही पश्चिमेला वळलो. हे सगळं अंतर कापून आम्ही माझ्याच घराच्या डोक्यावर चाललो होतो. सुरेंद्र एकदा म्हणाला, "इतकी वर्षं टिकलाय, आजचा दिवस टिकेल." मी म्हणाले, "साडेसहा कोटी वर्षांच्या गप्पा मारतोस आनि तीन तासांची खात्री देता येत नाय तुला." त्या बिचाऱ्याने गाडी आणखी जोरात घेतली.

उंबरदऱ्यात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. वेणूच्या गोठ्याचं दार नुसतं ओढलेलं होतं. आम्ही तिथं थांबलो नाही. सुरेंद्रने दोर खांद्यावर टाकला आणि आम्ही नाळेत उतरलो. तिची अर्धी. ही वाट तिच्या पावलांची होती, निसरड्या जागी तिने दगड बसवले होते, करवंदीच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या होत्या. पडलेल्या नाळेची एवढी निगा कोण ठेवतं? माझे गुडघे कुरकुरत होते, मी त्यांना म्हटलं, आज गप्प बसा. मी मनातल्या मनात एकच घोकत होते, टप्पा असू दे, टप्पा असू दे.

टप्पा होता. शेवटच्या वळणावर सुरेंद्रने हात आडवा धरला. आमच्यापुढे भेग होती, हात आत जाईल एवढी, आणि तिच्यातून गार वारा वर येत होता. तिच्या पलीकडे तो सपाट दगड, आणि दगडाच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून वेणू. सुरेंद्रने माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक अंजनीच्या झाडाला घट्ट आवळलं. "तुम्ही भेग ओलांडायची नाही," तो कुजबुजला. "इथूनच बोलवा. हळू. दचकल्या तर पडतील."

पाठमोरी ती आईसारखी दिसत होती. तिने गाठोडं सोडून ठेवलं होतं. फडक्यावर बाजरीची भाकरी होती, दोघींपुरती, आणि दुपार झाली तरी तिने एक घास मोडला नव्हता. ती पुढे झुकून खालच्या दगडांत बघत होती, माझी पडलेली वाट पायरी पायरीने शोधत असावी तशी.

"वेणे," मी हळूच म्हणाले.

तिने मागे न बघता हात वर केला, कोणा शेजारणीला गप्प करावं तसा.

"कोन हाय गो? नंतर ये," ती म्हणाली. "पमी येतेय माझी. सकालीच कुकारा दिलान तिनं. वाट पडलीय ना, तिला येल लागतोय."

सुरेंद्र नको नको म्हणत असताना मी भेग ओलांडली आणि तिचा हात धरला.